फिनाईल सोडलंत, छान. आता व्हिनेगरही सोडा

पत्र : ताई, आमचं घर नाशिकला, जुन्या सोसायटीत आहे. हॉल आणि दोन्ही खोल्यांत मोझॅकची फरशी, देवघरापुढे पांढरा संगमरवर, मागच्या गॅलरीत शहाबादी. स्वयंपाकघराची फरशी मात्र अलीकडेच काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. मुलगी नऊ महिन्यांची आहे. दिवसभर रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. तिच्यासाठी म्हणून काळं फिनाईल बंद केलं आणि व्हिडिओ बघून घरगुती उपाय सुरू केला. अर्धी बादली पाणी, त्यात वाटीभर व्हिनेगर, एका लिंबाचा रस आणि फेस यावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा. डाग दिसला की स्प्रेच्या बाटलीतून थेट व्हिनेगर मारते. सासूबाई बादलीत मूठभर जाड मीठ आणि कापराच्या दोन वड्या टाकतात. आता संगमरवराची चमक गेलीय, समई ठेवतो तिथे पांढरट गोल उमटलाय, मोझॅकवरून हात फिरवला तर खरखर लागते. टाइल्सवर पांढरट थर दिसतो. कामाच्या मावशी म्हणतात फरशी चिकट लागते, पावसाळ्यात तर सुकतच नाही. सासूबाईंचं म्हणणं, वास आला नाही तर पुसल्यासारखंच वाटत नाही. मैत्रिणीने बायो-एन्झाइमची बाटली दिलीय, ती वापरू का? फिनाईलकडे परत जायचं नाही. बोअरचं पाणी आहे, तेवढं लक्षात घ्या.

उत्तर :

बोअरच्या पाण्याचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. अर्धं उत्तर त्यात आहे. उरलेलं अर्धं तुमच्या पायाखाली आहे, आणि तुम्ही फरशांची नावं इतकी नीट लिहिलीत म्हणूनच ते देता येतंय. बहुतेक पत्रांत 'फरशी' एवढाच शब्द असतो. चार खोल्यांत चार प्रकारच्या फरश्या असतात आणि बादली एकच असते, सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा असो की आणखी कुठला, शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला, कडप्पा आंध्रातला. रंग आणि भाव वेगळे, पण हे सगळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये घट्ट बसवलेला संगमरवराचा चुरा. म्हणजे चुरा कॅल्शियम कार्बोनेटचा आणि त्याला धरून ठेवणारं सिमेंटही आम्लापुढे टिकत नाही. कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. शाळेच्या प्रयोगशाळेत संगमरवराच्या तुकड्यावर आम्ल टाकून हाच वायू आपण गोळा केला होता. व्हिनेगर म्हणजे पाण्यातलं ॲसिटिक आम्ल, दुकानातल्या बाटलीत साधारण 4 टक्के. लिंबात सायट्रिक आम्ल असतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; सात म्हणजे न्यूट्रल, त्याहून जितका कमी तितकं आम्ल जहाल). तोच प्रयोग तुमच्या घरात रोज सकाळी मावशींच्या हातून होत होता.

त्यामुळे चमक 'मळली' असं समजू नका. दगडाचा वरचा, घासून आरशासारखा केलेला थर झिजला आहे. खरखर लागते ती त्याचीच. मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचा चुरा सारख्या वेगाने झिजत नाहीत, म्हणून हाताला खड्डे-उंचवटे जाणवतात. हे कुठल्याही पुसण्याने परत येणार नाही. पॉलिश करावं लागेल, त्याबद्दल शेवटी लिहिते.

समईजवळच्या गोलाबद्दल माझा एक अंदाज आहे, पडताळून बघा. समई चिंचेने किंवा लिंबाने घासून, विसळून, बुडाशी ओली असतानाच जागेवर ठेवली जाते का? चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. बुडाच्या कडेला अडकलेलं थेंबभर चिंचपाणी रात्रभर संगमरवरावर बसलं की बरोबर बुडाच्या मापाचा गोल उमटतो. तसं असेल तर तो व्हिनेगरचा गुन्हा नाही. समई पूर्ण कोरडी करायची आणि खाली पितळी ताम्हन किंवा छोटी ताटली ठेवायची. तेलाचाही प्रश्न त्याने सुटतो.

आता चिमूटभर सोड्याची गंमत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी जोरदार साफ होतंय. फेस म्हणजे दोघं एकमेकांना निकामी करत असल्याची खूण. वायू उडून जातो, पाण्यात सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार उरतो आणि त्याला सफाईत फारशी गती नाही. तुम्ही चिमूटभरच टाकलात म्हणून बरंचसं आम्ल शिल्लक राहिलं आणि दगड झिजला. दोन चमचे टाकला असता तर आम्ल जवळजवळ सगळं मेलं असतं, फरशी वाचली असती, आणि तुम्ही महागड्या खारट पाण्याने घर पुसत राहिला असता. व्हिडिओवाले हे मिश्रण सोडत नाहीत, कारण कॅमेऱ्यात फेस छान दिसतो. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत. वेगवेगळ्या वापरायच्या, वेगवेगळ्या जागी.

टाइल्सवरचा पांढरा थर आणि मावशींची तक्रार या दोन्हीच्या मुळाशी मुख्यतः मीठ आहे. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. मूठभर मीठ रोज फरशीवर पसरत राहिलं, वर बोअरच्या पाण्यातले क्षार. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालतो ते याच कारणाने. नाशकात आषाढ-श्रावणात तेवढी आर्द्रता सहज असते, त्यामुळे मावशी सांगतात ते शब्दशः खरं आहे: तुमची फरशी सुकत नाही, ती हवेतून पाणी पिते आहे. मोझॅक आणि शहाबादी तर सच्छिद्र. त्यांच्यात मीठ आत मुरतं, आतच त्याचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग भुगा होऊन सुटायला लागतो. सासूबाईंची मिठामागे श्रद्धा असेल तर वाद घालू नका. वाटीत जाड मीठ घालून कोपऱ्यात ठेवू द्या, फक्त बादलीत नको आणि मुलीच्या हाताला लागेल असं नको.

कापराबद्दल मात्र मी नमतं घेणार नाही. कापूर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. वड्या फुटून त्याचे कण बादलीभर तरंगतात आणि फडक्यासोबत फरशीवर जातात. रांगणारं मूल तेच कण उचलतं. लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात, आणि तेही काही मिनिटांत. देवापुढे आरतीला लावायचा तो खुशाल लावा, पण डबी वरच्या फळीवर ठेवा, चटकन हाताला लागेल अशा जागी नको. कपाटातल्या डांबरगोळ्यांनाही हाच नियम. नीलगिरीचं तेलसुद्धा मुलांनी गिळल्यास विषारी आहे, त्यामुळे 'दोन थेंब नीलगिरी टाका' हा सल्ला रांगतं मूल असलेल्या घराला नाही. आणि घरात किंवा जिन्यात मांजर येत असेल तर तेही ध्यानात धरा: मांजराच्या यकृताला काळ्या फिनाईलमधले फिनॉल आणि टी-ट्री, पाइन यांसारखी सुवासिक तेलं पचवता येत नाहीत. पांढरं फिनाईल पाइन तेलाचं असतं म्हणून ते निरुपद्रवी, असाही समज आहे. तोही सोडा.

झुरळांसाठी कणकेत बोरिक पावडर घालून गोळ्या ठेवत असाल तर आजच उचला. तीही 'घरगुती' म्हणूनच सांगितली जाते.

मग रोज पुसायचं कशाने? खरं सांगू का, बहुतेक दिवशी साध्या पाण्याने. घरातल्या फरशीवर रोज येते ती धूळ, केस, पोळपाटाखालचं पीठ आणि पावलांचा मळ. यातलं बहुतेक आधी झाडूने निघालं पाहिजे. फुलझाडूने कानाकोपरे, पलंगाखालचं, दाराच्या फटीतलं नीट काढलं की पुसायला उरतं फार थोडं. झाडायची घाई केली की तीच धूळ ओली होऊन चिखलाचे पट्टे उठतात, मग आपल्याला वाटतं औषध कमी पडलं. रांगोळीही ओल्या फडक्याने पुसू नका. ती दगडाचीच पूड आहे, पॉलिश केलेल्या फरशीवर चरे पाडते. कोरडी झाडून घ्यायची, मग पुसायचं.

बादल्या दोन हव्यात. एकीत पुसायचं पाणी, दुसरीत फडकं पिळायचं. एकाच बादलीत फडकं बुचकळत राहिलो तर तिसऱ्या खोलीत पोचेपर्यंत पहिल्या खोलीचा मळ तिसऱ्या खोलीत लावतो. पाणी थोडं कोमट असेल तर मळ लवकर सुटतो. फडकं जुन्या बनियनचं किंवा सुती साडीचं उत्तम, मायक्रोफायबरचं असेल तरी चालेल. महत्त्वाचं एवढंच की काम झाल्यावर ते साबणाने धुऊन उन्हात वाळलं पाहिजे. बाथरूमच्या नळाखाली ओलं लोळत पडलेलं फडकं दुसऱ्या दिवशी जो वास सोडतं तो जंतूंचाच असतो, आणि मग तो झाकायला आपण वासाचं फिनाईल शोधतो.

आठवड्यातून दोनदा, किंवा पाहुणे येऊन गेले, मुलीने खिमटी सांडली अशा दिवशी रिठा वापरा. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टाका, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा, गार झाल्यावर हाताने चोळून जुन्या ओढणीतून गाळा. पाच-सहा लिटर कोमट पाण्याला याची एक वाटी पुरे. रिठ्यात सॅपोनिन असतात, ती साबणासारखी मळाला सोडवतात. मी रिठा सुचवते आहे तो तुमच्या बोअरच्या पाण्यासाठी. नेहमीचा साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संधान बांधून न विरघळणारा साका तयार करतो, म्हणजे मळ जातो आणि साक्याचा थर बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. दोन सूचना पाळा. पांढऱ्या संगमरवरावर हे तपकिरी पाणी साचू देऊ नका. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मीही असतं, म्हणून पातळच वापरायचं आणि लगेच साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं. आणि डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं, तेव्हा मुलगी जवळ असताना गाळत बसू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर ठेवलंत तर तीन-चार दिवसांत आंबून वास मारतं. फ्रिजमध्ये ठेवताना बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कुणीतरी कोकम सरबत समजून तोंडाला लावेल.

रिठे आणायचा, भिजवायचा कंटाळा असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. भांडी घासायच्या साध्या लिक्विडचा अर्धा चमचा बादलीभर पाण्यात टाकला आणि नंतर साध्या पाण्याने पुसून काढलं, तर तेही दगडाला आणि मुलीला चालण्यासारखं आहे. बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' असेल तर अधिक चांगलं. रिठ्याशिवाय घर शुद्ध होत नाही, असा माझा काही हट्ट नाही.

तुमच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची गोष्ट वेगळी. त्या भट्टीत इतक्या भाजलेल्या असतात की अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषतात, आणि आम्लाला भीक घालत नाहीत. आत्ताचा पांढरा थर काढायला आधी नुसत्या कोमट पाण्याने दोनदा पुसून मीठ विरघळवून काढा. तरी राहिलं तर तो बोअरच्या पाण्याचा क्षार. तिथे पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून एकदा पुसा आणि लगेच साध्या पाण्याने पुसून घ्या. जे व्हिनेगर संगमरवराला खातं, तेच इथे क्षाराला खातं, कारण तो क्षारही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. रोज मात्र नको, टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट असतं आणि ते झिजतं. गॅसच्या ओट्याखाली फोडणीचे उडालेले चिकट थेंब असतात, त्यांना आम्लाचा उपयोग नाही. तिथे धुण्याचा सोडा, लिटरभर गरम पाण्यात एक चमचा, हातमोजे घालून. नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एक नव्हेत. धुण्याचा बराच जहाल असतो आणि पोटात गेला तर भाजतो, तेव्हा दोन्ही पांढऱ्या पुड्या एकाच फळीवर शेजारी ठेवू नका.

मैत्रिणीची बायो-एन्झाइमची बाटली परत देऊ नका, तिने तीन महिने खपून केलेली असणार. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंबी-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने आंबवण, असं ते साधारण प्रमाण. नावात एन्झाइम असलं तरी सफाईचं बरंचसं काम आंबताना तयार झालेली आम्लं करतात. चांगलं मुरलेलं असेल तर त्याचा पीएच चारच्या खालीच असतो. म्हणजे ते स्वयंपाकघराच्या टाइल्स, सिंक, बाथरूमच्या भिंती, यांच्यासाठी. संगमरवर, मोझॅक, शहाबादी यांना त्याचा वाराही लागू देऊ नका, कुणी कितीही 'सौम्य असतं' म्हणालं तरी. कच्चं असेल तर त्यात गूळ शिल्लक असतो आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते. स्वतः करायचं ठरवलंत तर काचेच्या घट्ट बरणीत करू नका, आत वायू साचून बरणी फुटते. प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या आणि पहिले काही आठवडे रोज झाकण सैल करा. तुरटीच्या पाण्याने फरशी पुसा असंही कुणी सांगेल. तुरटीचं पाणीही आम्लधर्मीच, तेव्हा दगडाला तेही नाही.

घरातली एखादी फरशी नक्की कोणती हे कळत नसेल तर कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून मिनिटभर बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथली चमक मंद दिसली, तर व्हिनेगर-लिंबू-एन्झाइम सगळं त्या खोलीला वर्ज्य. घर बांधताना उरलेला तुकडा माळ्यावर असेल तर त्याच्यावरच करा.

डागांसाठी थेट व्हिनेगरचा स्प्रे आजपासून बंद. त्याच्याऐवजी लेप. समईचं तेल संगमरवरात मुरलं असेल तर मुलतानी माती पाण्यात घट्ट दह्याइतकी कालवा, डागावर अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर द्या, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढून माती पूर्ण वाळू द्या आणि लाकडी उलथन्याने अलगद खरवडा. वाळताना माती डाग वर ओढून घेते. जुना डाग एकदा केल्याने जात नाही, चार-पाच वेळा धीर धरावा लागतो. हा आजीबाईचा बटवा म्हणून हसू नका. आग्र्याला ताजमहालाचा संगमरवर पिवळा-काळा पडला की भारतीय पुरातत्त्व खातं त्याला मुलतानी मातीचेच लेप देतं आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुतं. ज्या दगडाला आम्लपावसापासून वाचवायला सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली आसपासच्या कारखान्यांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर तिथून हला असा आदेश दिला, त्याच दगडाच्या जातीवर आपण हौसेने लिंबू पिळतो.

हळदीचा डाग पडला तर त्यावर साबण किंवा सोडा लावायच्या आधी थांबा. साबण-सोडा लागला की हळद लाल होते आणि घरात घबराट उडते. ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि ऊन येत असेल तर उन्हाला काम करू द्या. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो. मुंग्यांच्या वाटेवर मात्र साबणाचं पाणी उत्तम, कारण त्या ज्या गंधाच्या मागावर चालतात तो पुसला जातो.

सासूबाईंच्या वासाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो फरशीचा नाहीच. आयुष्यभर फिनाईलच्या वासाने त्यांना 'घर झालं' अशी खूण दिली आहे. ती खूण काढून घेतलीत तर दुसरी द्यायला हवी. गवती चहाची पाच-सहा पाती ठेचून दोन तांबे पाण्यात उकळा, गाळा आणि शेवटच्या पुसण्याच्या बादलीत ते पाणी घाला. हलका ताजा वास राहतो, पुसलेलं वाळेपर्यंत घरभर दरवळतो. याने जंतू मरतात असा दावा मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका, सासूबाईंना तेवढं कळतं. कुंडीत गवती चहा लावायचं काम त्यांच्याकडेच द्या.

जंतूंचं म्हणाल, तर रोज फरशी निर्जंतुक करायची घराला गरज नसते. मुलीच्या दृष्टीने चपला दाराबाहेर, दाराशी कोरडं पायपुसणं आणि रांगायच्या खोलीत शेवटचं पुसणं साध्या पाण्याचं, एवढं पाळलंत की पुष्कळ झालं. पण घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले, ते फरशीवर सांडलं, तर रिठा, व्हिनेगर, कडुनिंबाचं पाणी यांच्यावर विसंबू नका. तेव्हा ब्लीचच लागतं, आणि ते वापरण्यात कसलीही हार नाही. आधी हातमोजे घालून कागदाने सगळं उचला, साबणाच्या पाण्याने पुसा, मग ब्लीच. बाटलीवर 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिलिलिटर घातलं की 0.1 टक्क्याचं द्रावण होतं. ते दहा मिनिटं राहू द्या, खिडक्या उघड्या ठेवा, मुलगी दुसऱ्या खोलीत, आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा. ब्लीच कशातही मिसळायचं नाही. व्हिनेगर, लिंबू किंवा संडासाच्या ॲसिडशी गाठ पडली तर क्लोरीन वायू निघतो. गोमूत्राचं फिनाईल वापरणाऱ्या घरांनी तर जास्तच जपावं, मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइनचे वाफारे उठतात आणि ते छातीत जातात. मावशी संडास धुताना 'दोन्ही टाकलं की जास्त साफ होतं' म्हणून ॲसिडवर ब्लीच ओतत नाहीत ना, हे एकदा विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मावशींचं आणखी एक. फिनाईल असो की व्हिनेगर, त्यात रोज पाच घरांत हात बुडतात ते त्यांचे. बोटांना चिरा आणि पायाला चिखल्या असतील तर आधी चांगले रबरी हातमोजे आणि उभ्याने पुसायचा मॉप आणा. नवं प्रमाण काय ते त्यांना स्वयंपाकघरात उभं राहून एकदा करून दाखवा, आणि कारणही सांगा. फरशी चिकट का होते हे तुमच्या आधी त्यांच्या पावलांना कळलं होतं.

आता पॉलिश. मोझॅक आणि संगमरवर दोन्ही यंत्राने घासून घेता येतात. कारागीर जाड्या दगडापासून सुरुवात करून बारीक दगडापर्यंत येतात, पाणी सोडत सोडत, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून चमक आणतात. ॲसिडने चमक गेली आणि ॲसिडनेच परत कशी येते, असं तुम्ही विचारालच. या आम्लाचा कॅल्शियमशी संयोग झाला की विरघळणारा क्षार होत नाही, न विरघळणारा होतो आणि तो पृष्ठभागावर घट्ट बसतो, म्हणून. ती पूड विषारी असते आणि तिचा साठा घरात नको. काम चालू असताना राखाडी राडा सगळीकडे होतो, तेव्हा मुलीला घेऊन दोन-तीन दिवस माहेरी जा. परत येण्याआधी सगळ्या खोल्या साध्या पाण्याने तीनदा पुसायला सांगा, आणि कोपऱ्यांत, दाराच्या उंबऱ्याशी पांढरी पूड राहिली नाही ना ते स्वतः बघा. दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तर घाई करतात, त्यामुळे पावसाळा संपला की लगेच, किंवा सरळ संक्रांतीनंतर ठरवा. चौरस फुटाचा भाव ठरवताना किती हात घासणार, हे आधी वदवून घ्या. दोन हातांत उरकणारे पुष्कळ असतात. आणि शेजारच्या खोलीतल्या टाइल्सवर तेच यंत्र फिरवू देऊ नका.